अकरा गुंठे भाजलेली माती

जबाब

दिनांक १९ मे २००५, गुरुवार. सुरुवात सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी.

नाव : सुदर्शन रामदास ढोके. वय : २३ वर्षे ४ महिने. शिक्षण : बारावी विज्ञान, अनुत्तीर्ण (फक्त गणित). धंदा : नोकरी. राहणार : वाकड, दत्त मंदिरामागील चाळ, खोली क्रमांक ४. मूळ राहणार : तालुका आर्वी, जिल्हा वर्धा.

मी समक्ष चौकीत हजर राहून, विचारल्यावरून लिहून देतो की, मी वरील पत्त्यावर दोन मित्रांसह राहतो व कोथरूड येथील माती-पाणी तपासणीच्या एका खाजगी प्रयोगशाळेत तीन वर्षांपासून नमुने गोळा करण्याचे काम करतो. हवालदार श्री. खुटवड यांच्या उजव्या हाताचे बोट काल जीपच्या दारात सापडले असल्यामुळे हा जबाब त्यांच्यासमोर मी माझ्या हाताने लिहीत आहे. काय लिहावे हे ते सांगत आहेत. काय घडले हे मी सांगत आहे.

विश्वजीत रंगराव शेडगे, राहणार हिंजवडी, यांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिला आहे. अर्जात दोन गोष्टी आहेत. एक, मी त्यांच्या आईला शेताची माती भाजण्यास सांगितले व त्यामुळे माती बिघडली. दोन, माती बिघडलेली नाही, मी पैसे खाऊन दुसरीकडची माती तपासणीला दिली व खोटा अहवाल आणला. अर्ज मला वाचून दाखवण्यात आला. गुन्हा दाखल झाला तर माझी नोकरी जाईल. हे वाक्य जबाबात लागत नाही असे हवालदार साहेब म्हणाले. राहू द्यावे अशी मी विनंती केली. त्यांनी राहू दिले.

विश्वजीत यांच्या आई सरुबाई रंगराव शेडगे, वय ६८, यांच्या नावावर माण रस्त्याच्या आतल्या बाजूस अकरा गुंठे जमीन आहे. बाकीची जमीन कंपन्यांच्या इमारतींखाली गेली, हा तुकडा राहिला. त्यावर १९९४ ते २००२ पर्यंत भाड्याने दिलेली पत्र्याची शेड होती. शेडमध्ये मोटारसायकलचे हँडल व आरसे यांना चकचकीत मुलामा देत. भाडेकरू धुण्याचे पाणी मागच्या दाराने जमिनीत सोडत असे. त्या पाण्यात क्रोमियम नावाचा धातू असतो. शेड गेली, भाडेकरू गेला, धातू राहिला.

आता शेजारच्या सॉफ्टवेअर कंपनीला ती जागा कर्मचाऱ्यांच्या मुलांचे पाळणाघर व खेळायचे मैदान यासाठी हवी आहे. मुले माती तोंडात घालतात म्हणून कंपनीने आधी मातीचा अहवाल मागितला. मुले माती तोंडात घालतात हे कंपनीच्या पत्रात इंग्रजीत आहे.

दिनांक ७ मार्च रोजी सकाळी ८.४० वाजता मी पहिला नमुना घेण्यास गेलो. शेतात नागमोडी चालत नऊ ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेतले. लोखंडी खुरपे वापरले नाही, कारण खुरप्याचा धातू मातीत उतरू शकतो. प्लॅस्टिकची पळी वापरली. नऊ ठिकाणची माती एकत्र करून, चार वाटे करून, समोरासमोरचे दोन ठेवले व दोन टाकले. पुन्हा चार वाटे. असे अर्धा किलो उरेपर्यंत केले. चिठ्ठी पेन्सिलीने लिहिली, कारण ओल लागली तर शाई पसरते. एक चिठ्ठी पिशवीत व एक पिशवीवर.

सरुबाई बांधावर बसून पाहत होत्या. पुढील बोलणे मला जसे आठवते तसे लिहितो, कारण अर्जातील पहिली गोष्ट यावरच आहे.

त्या म्हणाल्या, "एवढी चिमूटभर माती न्यायला सकाळधरनं नाचतोयास व्हय?"

मी म्हणालो, "हो जी."

"आन नेऊन काय करता?"

"वाळवतो. चाळतो. मग थोडी भट्टीत भाजतो."

"माती भाजता?"

"हो जी. पाला, मुळं, कुजकं सगळं जळून जातं आणि खरी माती उरते."

"मंग राबच म्हणायचा की."

"हो जी."

मला त्या वेळी राब म्हणजे काय हे माहीत नव्हते. आमच्याकडे कापूस होतो. मोठ्या माणसाने काही म्हटले की आमच्याकडे हो जी म्हणतात, समजले नसले तरी म्हणतात. न समजता हो म्हणणे ही माझी चूक आहे व ती मी येथे नमूद करतो. हवालदार साहेब म्हणाले, "हे कोणी ऐकलंय का?" मी सांगितले, सरुबाई सोडून कोणी नाही. ते म्हणाले, "मग कशाला लिहितोस?" मी सांगितले, झाले आहे म्हणून. त्यांनी दुखरे बोट टेबलावर ठेवले. नंतर म्हणाले, "लिही बाबा."

विचारल्यावरून सांगतो की, राब म्हणजे भाताचे रोप टाकण्याआधी त्या जागेवर शेणी म्हणजे गोवऱ्या, टहाळ म्हणजे झाडांच्या तोडलेल्या फांद्या आणि पालापाचोळा यांचे थर पसरून, वर माती टाकून ते पेटवणे. त्याने तण व कीड मरते आणि रोप जोमात येते. मावळ-मुळशीकडे हे पिढ्यान्‌पिढ्या करतात. ही माहिती मला ९ मे रोजी मिळाली. तोपर्यंत उशीर झाला होता.

पहिला अहवाल २१ मार्चला मी स्वतः शेडगे यांच्या घरी नेऊन दिला. त्यात असे होते की, एकूण क्रोमियम कंपनीच्या यादीतल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे, परंतु त्याचा विषारी प्रकार आढळला नाही. उपाय म्हणून वरचा एक फूट थर काढून न्यावा व नंतर पुन्हा तपासणी करावी, असे लिहिले होते. विश्वजीत म्हणाले, "बस एवढंच ना? उद्या जेसीबी लावतो. डील बसलेली आहे आपली." सरुबाईंनी ते मोडून काढले. त्या म्हणाल्या, "ट्रकात घालून माझी माती न्यायची? शेड व्हायच्या आधी हितंच रोप टाकायची म्या. जेसीबी आला तर चाकाखाली झोपंन." विश्वजीत म्हणाले, "आई, तू भात लावायचा सोडून अकरा वर्षं झाली." त्या म्हणाल्या, "शेड कुणी बांधली? म्या?" मला पाणी देण्यात आले व मी निघालो.

दुसऱ्या नमुन्यासाठी मी ९ मे रोजी सकाळी सव्वानऊला सायकलवरून गेलो. थर काढला असेल असे मी धरून चाललो होतो. शेत पूर्ण भाजलेले होते. काही ठिकाणी काळे, काही ठिकाणी विटेसारखे लाल. पाय ठेवला तर जमीन चपलेतून कोमट लागत होती. सरुबाई बांधावर उभ्या होत्या. त्यांच्या हाताला दोन ठिकाणी चटका बसलेला दिसत होता व त्या आनंदात होत्या.

त्या म्हणाल्या, "घे आता. कुठनं घ्यायची तिथनं घे. तीन दिस भाजलीया. तुझ्या भट्टीपरीस झ्याक."

मी म्हणालो, "आजी, हे कशाला केलं जी?"

"कशाला म्हंजी? माती आजारी हाय असं कागदावर कुणी लिहिलं? आजार जाळायचा आस्तो. वाडीतल्या साताठ बायका घेतल्या, दोन गाड्या शेणी घातल्या, टहाळ घातला. आता खरी माती उरली बघ."

मी तेथे चार ते पाच मिनिटे उभा होतो. त्यानंतर रस्त्यावरच्या एसटीडी बूथवरून प्रयोगशाळेच्या प्रमुख मंदाकिनी केतकर मॅडम यांना फोन केला. त्यांचे व माझे बोलणे असे झाले.

"मॅडम, माती भाजली आहे."

"किती?"

"पूर्ण अकरा गुंठे."

"मीठ-लिंबू लावलं का?"

"नाही मॅडम."

"मग घे नमुना. राख बाजूला सार आणि खालची माती घे. आपल्याला मातीचा अहवाल द्यायचाय, अंगाऱ्याचा नाही."

मी पूर्वीच्या नऊ जागी, राख बाजूला सारून, त्याच पळीने व त्याच पद्धतीने नमुना घेतला. पिशवीला दोरी बांधून लाखेचे सील लावले. सील लावताना सरुबाई हजर होत्या. लाख वितळवायला काडेपेटी त्यांनीच दिली.

दुसरा अहवाल १६ मे रोजी आला. त्यात दोन गोष्टी होत्या. एकूण क्रोमियमचा आकडा आधीपेक्षा वाढला होता, आणि आधी न सापडलेला विषारी प्रकार आता सापडला होता. कंपनीने त्याच दिवशी संध्याकाळी बोलणी थांबवली.

हवालदार साहेबांनी विचारले की, आगीने घाण जळायला पाहिजे, वाढली कशी? त्यांना मी दोन भागांत समजावून सांगितले, तसेच येथे लिहितो.

पहिला भाग. धातू जळत नाही. जळतो तो पाला, मुळे व कुजका भाग. दूध आटवले की पाणी उडून जाते पण टाकलेली साखर तेवढीच राहते, म्हणून बासुंदी दुधापेक्षा गोड लागते. मातीतला जळण्यासारखा भाग उडून गेला, धातू तेवढाच राहिला, म्हणून एका किलोमागे आकडा वाढला. प्रयोगशाळेत पहिल्या नमुन्यातील दहा ग्रॅम माती भाजली तेव्हा ती आठ ग्रॅम नऊशे मिलिग्रॅम भरली. दुसऱ्या नमुन्यातील दहा ग्रॅम भाजली तेव्हा नऊ ग्रॅम सातशे भरली, कारण जळायचे ते शेतातच जळून गेले होते.

दुसरा भाग. क्रोमियम मातीत दोन रूपांत असतो. एक शांत व एक तापट. शांत रूप मातीला चिकटून बसते, पाण्याबरोबर फिरत नाही व फारसे बाधत नाही. तापट रूप पाण्यात विरघळते, विहिरीपर्यंत जाऊ शकते व विषारी असते. शेडमधून तो तापट रूपातच सांडला होता. पाला-शेणखताच्या सहवासात मातीत मुरून तो हळूहळू शांत झाला होता. मोकळ्या हवेत आग लावली की उष्णतेने व हवेने त्यातला काही भाग पुन्हा तापट होतो. राखेने माती खारट-चुनखडीसारखी होते, ते त्याला आणखी मानवते. हळदीला चुना लावला की ती लाल होते. बाहेरून कोणी लाल रंग आणलेला नसतो. तसेच येथे बाहेरून कोणी विष आणलेले नाही.

हवालदार साहेब म्हणाले, "म्हणजे निवांत बसलेल्या माणसाला उठवून कानाखाली मारली."

मी म्हणालो, हो जी. या वेळी मला समजले होते.

दिनांक १८ मे रोजी दुपारी विश्वजीत शेडगे प्रयोगशाळेत आले. त्यांनी माझ्या सायकलची किल्ली काढून घेतली व म्हणाले, "ए नागपूर, आईला काय शिकवलंस तू?" मी वर्धेचा आहे. ते मी त्यांना त्या वेळी सांगितले नाही. मंदाकिनी मॅडम म्हणाल्या, "शेडगे, आवाज खाली. इथे काचसामान आहे." ते म्हणाले की पोलिसांत जातो. मॅडम म्हणाल्या, "जा. जाताना किल्ली ठेवून जा." ते गेल्यावर मॅडमनी मला विचारले की मी नेमके काय बोललो होतो. मी सांगितले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला व म्हणाल्या, "खरी माती. वा. उद्या जे बोललास ते तसंच्या तसं लिहून दे. मग तुला ठेवायचं की नाही ते बघू." त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, परंतु त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

आज येथे जबाब चालू असताना विश्वजीत शेडगे बाकावर बसून आहेत. हवालदार साहेबांनी त्यांना विचारले, "शेडगे, याने सांगितल्यामुळे माती बिघडली, का माती बिघडलीच नाही?"

विश्वजीत म्हणाले, "दोन्ही."

"दोन्ही एका अर्जात बसत नाही. एक घ्या."

"साहेब, तुम्ही बघा ना कुठलं स्ट्राँग आहे ते."

"मी भाजी निवडायला बसलोय का?"

दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी सरुबाई शेडगे कोणीही न बोलावता चौकीत आल्या. त्या पायी आल्या होत्या. दारातूनच त्या म्हणाल्या, "विश्वा, ह्या पोरानं मला भाजायला शिकवलं असं लिहून दिलंस म्हणं?"

विश्वजीत म्हणाले, "आई, तू बस. तुझ्याच भल्याचं आहे. तू फक्त हो म्हण."

"हो म्हणू? ह्यानं सांगितलं म्हणून म्या राब भाजला? आवं हवालदार, ह्याचा बाप जन्मला नव्हता तवा म्या राब भाजत हुते. ह्याला शेणी कुठल्या बाजूनं पेटवायची ते तरी ठावं हाय का, इचारा!"

हवालदार साहेबांनी मला विचारले. मला माहीत नव्हते.

"वाऱ्याच्या उलट्या अंगानं," त्या म्हणाल्या. "लिव्ह."

माझ्या वडिलांचे जन्मवर्ष १९५५ आहे. सरुबाई त्या वेळी अठरा वर्षांच्या होत्या व लग्न होऊन सासरी आलेल्या होत्या. त्यामुळे त्यांचे म्हणणे शक्य आहे.

मी मध्ये बोललो की, आजी, तुम्ही राब का म्हणून विचारले तेव्हा मी हो जी म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, "तू काय, कशालाबी हो म्हणतोस. तुझ्या हो वर कोण शेत जाळंल?" हे त्यांनी माझ्या बाजूने सांगितले असे हवालदार साहेबांचे मत पडले. मलाही तसेच वाटते.

अशा रीतीने अर्जातील पहिली गोष्ट राहिली नाही. विश्वजीत यांनी दुसरी धरली. ते म्हणाले, "ठीक आहे. मग रिपोर्ट फेक आहे. माझ्या जमिनीत काही नाही. खराडीच्या पार्टीला त्यांची जागा या कंपनीला विकायचीय, त्यांनी याला मॅनेज केलं." मी सीलची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "सील काय, कोणीही लावतं." सरुबाई म्हणाल्या, "काडेपेटी माझी हुती." ते म्हणाले, "आई, काडेपेटी म्हणजे पुरावा नाही." हवालदार साहेब म्हणाले की, प्रयोगशाळेच्या लोकांना बोलवावे लागेल, नमुना दुसरीकडे पाठवावा लागेल, तोपर्यंत मला रोज हजेरीला यावे लागेल. मी विचारले की किती दिवस. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी पाणी मागितले.

१ वाजून २५ मिनिटांनी चौकीशेजारी टपरी चालवणाऱ्या सुशीलाबाई पाच ग्लास चहा घेऊन आल्या. एक हवालदार साहेबांना, एक विश्वजीत यांना, एक सरुबाईंना, एक मला. एक कॉन्स्टेबल साहेबांसाठी टेबलावर ठेवला, ते बाहेर गेले होते. सुशीलाबाई म्हणाल्या, "साहेब, ग्लास बघा. आरसा हाय नुसता. आज सगळी भांडी सरुकाकूच्या राबाच्या राखेनं घासली. म्या पण होते की भाजायला, येताना दोन पाट्या भरून आणली. पातेलं तर असलं निघालं, नवं म्हणावं."

सरुबाई म्हणाल्या, "सगळ्यांनीच नेली. चांगली राख हाय."

९ मे रोजी शेतात राख एवढी कमी का दिसली हे मला तेव्हा कळले.

हवालदार साहेबांचा ग्लास ओठांपर्यंत गेला होता. मी म्हणालो, "साहेब, एक मिनिट." त्यांनी ग्लास तसाच धरला. मी सांगितले की, आम्ही फक्त राखेखालची माती तपासली आहे. राख तपासलेली नाही. राखेबरोबर वरची भाजलेली मातीही उचलली गेली असणार. तिच्यात तापट क्रोमियम किती आहे, ग्लास धुतल्यावर किती राहिला, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. काहीच नसेल असेही असू शकते. परंतु मी स्वतः पिणार नाही.

हवालदार साहेबांनी ग्लास खाली ठेवला. त्याच वेळी बाकावरूनही ग्लास ठेवल्याचा आवाज आला.

हवालदार साहेब म्हणाले, "तुम्ही का ठेवलात शेडगे? तुमच्या जमिनीत तर काही नाही."

विश्वजीत म्हणाले, "गरम आहे."

"फुंकून प्या."

"मी चहा कमी केलाय, साहेब."

"कधीपासून?"

विश्वजीत यांनी खिशातला मोबाइल काढून पाहिला.

हवालदार साहेब म्हणाले, "रिपोर्ट फेक असेल तर प्या. खरा असेल तर अर्ज मागे घ्या. मला दोन्ही चालतं. माझं बोट ठणकतंय."

सर्वजण ग्लासकडे पाहत होते. एक मिनिट गेले असावे. मी घड्याळाकडे पाहिले नाही. चहावर साय आली. सुशीलाबाई म्हणाल्या, "पी की रं विश्वा, साखर कमी घातलीया तुझी." विश्वजीत यांनी ग्लास बाकावरून खाली फरशीवर ठेवला व पायाने थोडा दूर सरकवला.

सरुबाईंनी मुलाकडे पाहिले. मग त्या ग्लासकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी आपल्या हातातला ग्लास टेबलावर ठेवला व मला विचारले, "म्हंजी म्याच बिघडवली का रं?"

मी म्हणालो, "धातू तुम्ही नाही टाकला जी. तो शेडवाल्याने टाकला."

"आन तापट?"

"तापट आपण दोघांनी केला."

त्यांनी पदराने हाताचा चटका झाकला. नंतर म्हणाल्या, "निऊ दे मंग वरची. पण आदी बघ, खालची कशी हाय ती. खालची चांगली असली तर निऊ दे." मी सांगितले की उद्याच दीड फूट खाली खणून नमुना घेतो. त्या म्हणाल्या, "खड्डं मी काढीन. तुला न्हाय जमायचं." मी सांगितले की लोखंडी पहार चालणार नाही. त्या म्हणाल्या, "मंग तुझ्या त्या चमच्यानं काढीन."

विश्वजीत शेडगे यांनी अर्ज मागे घेत असल्याचे तोंडी सांगितले. हवालदार साहेब म्हणाले, "तोंडी नको. लिहा. तुमचं बोट ठीक आहे." त्यांनी लिहून दिले. त्यात "गैरसमजातून" असा शब्द आहे.

यानंतर हवालदार साहेबांनी चौकीच्या फोनवरून प्रयोगशाळेला फोन लावून मला दिला. मी मंदाकिनी मॅडमना राखेची हकीकत सांगितली. जबाबात 'खरी माती' व 'हो जी' ही दोन्ही वाक्ये लिहिली आहेत हेही सांगितले. मॅडम म्हणाल्या, "उद्या आठला ये, नऊला नको. पिशव्या पन्नास घे. ज्या ज्या घरात राख गेलीय तिथून आणायचीय. कोणाला हात लावू देऊ नको, ओली करून भर, उडू देऊ नको. आणि सुदर्शन, कोणी काही विचारलं तर आधी समजून घे, मग हो म्हण." मी हो म्हणालो.

सुशीलाबाईंना सर्व भांडी साबणाने व भरपूर पाण्याने धुण्यास आणि उरलेली राख झाकून ठेवण्यास सांगितले आहे. त्यांनी विचारले की आधीच्या दिवशी चौकीत जे चहा दिले त्यांचे काय. कालपर्यंत त्या साधी चुलीची राख वापरत होत्या असे त्यांनीच पुढे सांगितले, तेव्हा हवालदार साहेब खाली बसले.

पाचही ग्लास चहासह तपासणीसाठी ताब्यात घ्यावेत असे हवालदार साहेबांनी ठरवले. सील कोण करणार, असा प्रश्न आला. साहेब म्हणाले, "तूच कर. तुलाच येतं." मी प्रत्येक ग्लासचे तोंड प्लॅस्टिकने बांधून, दोरा घालून, लाख लावून सील केले. चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहिल्या. पंच म्हणून सुशीलाबाई व विश्वजीत शेडगे यांनी सह्या केल्या. विश्वजीत यांनी सही करण्यापूर्वी प्रत्येक सील हाताने ओढून पाहिले. ते निघाले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "पक्कं आहे ना?" मी हो म्हणालो, व त्यांनी त्यावर सही केली.

वरील जबाब मी स्वतः लिहून हवालदार श्री. खुटवड यांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. सरुबाई शेडगे यांनीही तो ऐकला. शेणी वाऱ्याच्या उलट्या अंगाने पेटवतात हे लिहिले आहे ना, अशी त्यांनी खात्री करून घेतली. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे व घडल्याप्रमाणे बरोबर आहे, त्यात माझ्या चुकाही घडल्याप्रमाणेच आहेत. सही करून देतो.

समाप्ती दुपारी ३ वाजून ५ मिनिटे.

सुदर्शन रामदास ढोके
(सही)

समक्ष : हवालदार खुटवड
(डाव्या हाताचा अंगठा)